पात्राच्या अंगचे दोन प्रवाह

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, आणि मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. कादंबरीतील पात्र खरे कधी वाटते, या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला नेहमी हा संगम आठवतो. ज्याच्या अंगी दोन प्रवाह समोरासमोर येतात, तेच पात्र जिवंत होते.

कराडचाच एक प्रसंग घेऊ. १९७५ साली, ऐन आणीबाणीत, येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रीय मंत्री होते. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करावयास लावली. एखाद्या होतकरू कादंबरीकाराने हा प्रसंग रंगविला असता, तर त्याने एकीला नायिका व दुसऱ्याला खलनायक करून टाकले असते. परंतु यशवंतराव याच गावात वाढलेले, ग्रंथांवर प्रेम करणारे, पुढे ‘कृष्णाकाठ’ लिहिणारे गृहस्थ होते. आणि आणीबाणी लादणाऱ्या सरकारचे मंत्रीही होते. यांतील एक बाजू पुसली, की उरतो तो केवळ पुतळा.

आमच्या ख्रिस्ती लेखनाचे दुखणे नेमके हेच आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा गौरव होतो, आणि तो रास्तच आहे. विधवांची दुःखे तीत कळवळ्याने आली आहेत. मात्र खुद्द यमुनेला पेच असा पडत नाही. उत्तर तिला आधीपासूनच ठाऊक असते. याउलट ‘स्मृतिचित्रे’ पाहावे. ते आत्मचरित्र खरे, पण कादंबरीकाराने त्याच्यापाशी शिकावे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तेथवर येण्यास आणखी पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांतला राग, सोवळेओवळे, पतीवरील प्रेम आणि हळूहळू पालटत गेलेले मन त्यांनी झाकून ठेवले नाही. म्हणूनच त्यांची श्रद्धा आम्हांला पटते.

कराडपासून फार दूर नसलेल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’त (१९५९) हेच साधले. फकिरा खजिना लुटतो तो उपाशी माणसांसाठी, आणि अखेर शरण जातो तोही आपल्या माणसांच्या सुटकेसाठी. त्याचे बंड आणि त्याची शरणागती एकाच मुळातून उगवतात. त्यामुळे शेवट लेखकाने लादलेला वाटत नाही. फकिरानेच तो निवडलेला असतो.

आमच्या कथा-कादंबऱ्यांतील धर्मगुरू मात्र बहुधा निष्कलंक, आई सोशिक, आणि वाट चुकलेला मुलगा नाताळच्या मध्यरात्री हमखास घरी परतणारा. यामागे लेखकाचे अज्ञान नसते, भीती असते: समाजाची अब्रू जाईल, बाहेरचे हसतील. ही भीती आम्ही समजू शकतो. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणसाला वर्षानुवर्षे दारूच्या बाटलीसह रंगविले, याचा सल आमच्याही मनात आहे. पण खोट्या बदनामीला खोटी कीर्ती हे उत्तर नव्हे. दोहोंतही माणूस हरवतोच.

पापनिवेदनाला गुडघे टेकणाऱ्या समाजाला तरी हे सांगावे लागू नये. मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मग लेखकाने आपल्या पात्राला ते का नाकारावे? पात्राला चुकण्याची मोकळीक नसेल, तर त्याच्या पश्चात्तापालाही मोल उरत नाही.

शुभवर्तमानकारांना पेत्राची अब्रू झाकता आली असती. त्यांनी ती झाकली नाही. त्याने गुरूला तीनदा नाकारले, कोंबडा आरवला, आणि तो रडला, हे चौघांपैकी तिघांनी स्पष्ट लिहिले. चौथ्याने अश्रू वगळले, पण नकार वगळला नाही. आणि तरीही ख्रिस्तसभा ज्या खडकावर उभी आहे, तो हाच पेत्र. आमच्या कादंबरीकारांनी एवढे धैर्य दाखवावे, इतकीच आमची अपेक्षा आहे.