गच्चीवरील विमान आणि केबिनमधील ऊब : मराठी विमानविषयक लेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठी वाचकाला विमान परिचित आहे ते प्रामुख्याने एखाद्या जिद्दीच्या कथेतील पात्र म्हणून. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आणि कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान, हे या लेखनाचे दोन मानबिंदू होत. पहिल्यास भक्कम समकालीन पुरावा नाही. दुसरे मात्र प्रत्यक्ष आहे. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी केली व ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी दिली. असे असूनही या दोहोंविषयीचे लोकप्रिय लेखन एकाच साच्यातले का वाटते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी केबिन उबदार ठेवणे आणि समोरच्या काचेवरील बाष्प व हिम हटविणे, ही वरवर किरकोळ वाटणारी बाब निकष म्हणून घेतली आहे.

निकषाचे स्वरूप :
बीडसारख्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या जिल्ह्यात हा विषय अनाठायी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उंचीनुसार हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजेच जमिनीपासून दहा हजार फूट वर सुमारे २० अंशांचा फरक पडतो. वैशाखात तो दिलासा ठरेल, पौषातील सकाळी मात्र तीच घट बोचरी थंडी होते. मराठवाड्यातील दुष्काळात २०१५ व २०१९ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून कृत्रिम पावसासाठी विमाने उडविण्यात आली. पावसाळी ढगांत सुमारे पाच किलोमीटर उंचीवर शून्य अंशाची पातळी असते. तिच्या वर शून्याखालीही द्रवरूप राहिलेले पाणी विमानाचा स्पर्श होताच गोठू शकते. अशा बर्फापुढे लहान विमानातील काच तापविण्याची सोय पुरी पडत नाही. ती मुख्यतः बाष्प व हिमाचा पातळ थर यांसाठीच असते.

ही सोय साधी आहे. पिस्टन इंजिनाच्या सायलेन्सरभोवती पत्र्याचे वेष्टण बसवितात. वेष्टण व नळी यांमधून बाहेरची हवा खेळविली की ती तापते. इंजिन व केबिन यांमधील अग्निरोधक पडद्यातील झडप उघडताच ती आत येते आणि तिचीच एक शाखा काचेकडे जाते. त्यासाठी वेगळे इंधन लागत नाही. धोकाही तेथेच आहे. वेष्टणाआडच्या नळीला तडा गेला, तर उबेबरोबर रंगहीन, गंधहीन कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लिश खाडीत कोसळलेल्या लहान विमानातील फुटबॉलपटू एमिलियानो साला यांच्या रक्तात या वायूने बद्ध झालेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले होते. ते विमान कारखान्यात बनलेले होते. घरी बांधलेल्या विमानात तर जोडकाम व तपासणी यांची पहिली जबाबदारी बांधणाऱ्यावरच असते.

चिकित्सा :
गच्चीवरील विमानाविषयीच्या लेखनात कुटुंबाने सोसलेली आर्थिक झळ, अपुरी जागा आणि परवानगीची प्रदीर्घ प्रतीक्षा ही सूत्रे पुनःपुन्हा येतात. ती खरी आहेत आणि त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र सायलेन्सर, जोडकाम, झडप यांना तेथे क्वचितच स्थान मिळते. परिणामी शासकीय विलंब हा केवळ खलनायक ठरतो. तपासनीसाने कोणते प्रश्न विचारणे आवश्यक होते व कोणते निरर्थक होते, हे वाचकास ठरविता येत नाही. म्हणजे अशा लेखनाने केलेली नोकरशाहीवरील टीकादेखील पोकळ राहते.

तळपदे-कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने उडण्यास असमर्थ असल्याचा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. तो काढता आला, कारण तेथे तपासण्याजोगे वर्णन आणि आकृत्या होत्या. चौपाटीच्या कथेला तेवढेही लाभले नाही. म्हणूनच ती श्रद्धा व उपहास या दोन टोकांतच अडकून पडली. प्रत्यक्षात असलेल्या विमानालाही मराठीत केवळ गौरवच लाभला, तर पुढील पिढीच्या हाती पुन्हा आख्यायिकाच पडेल.

सामान्य वाचकास तांत्रिक तपशील कंटाळवाणा वाटतो, हा आक्षेप येथे संभवतो. तथापि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नये, हे खेड्यातील माणसाला सांगावे लागत नाही. पावसात एसटीची काच आतून पुसणारा चालकही सर्वांनी पाहिलेला असतो. पत्रा, नळी, झडप, धूर, दंव हे शब्द मराठीजवळ आहेतच. उणीव भाषेची नसून लेखनदृष्टीची आहे.

समारोप :
घरी बांधलेले विमान हे धैर्याइतकेच दक्षतेचेही फलित असते. त्यातील धैर्याची कथा मराठीने सांगितली. दक्षतेची अद्याप सांगावयाची आहे. महाविद्यालयांतील मराठी व भौतिकशास्त्र विभागांनी अशा एखाद्या यंत्राचे तपासता येईल असे वर्णन विद्यार्थ्यांकडून एकत्रितपणे लिहवून घेतले, तरी त्या लेखनाचा आरंभ होईल. यंत्रनिर्मात्याचा खरा सन्मान त्याचे यंत्र समजून घेण्यात आहे.