उंबरठ्याचा कायदा : ‘मर्यादा रामन्ना’तील वैर आणि प्रीती

रायलसीमेतील घराण्यांच्या वैरावर आधारलेल्या चित्रपटांची परंपरा तेलुगू सिनेमात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. ‘प्रेमिंचुकुंदाम रा’ (१९९७), ‘समरसिंहा रेड्डी’ (१९९९), ‘इंद्रा’ (२००२) या चित्रपटांनी तिचे संकेत पक्के केले : पिढीजात सूड, कोयते आणि गावठी बाँब, अनेकदा शत्रूच्या घरातील मुलीशी जुळलेले प्रेम आणि या साऱ्यांना पुरून उरणारा बलदंड नायक. एस. एस. राजामौली यांच्या ‘मर्यादा रामन्ना’ने (२०१०) हे संकेत स्वीकारले, मात्र नायकाच्या जागी विनोदी भूमिकांसाठी परिचित असलेल्या सुनील या नटाला उभे केले.

रामू वडिलोपार्जित पाच एकर जमीन विकण्यासाठी गावी येतो आणि नकळत वैऱ्याच्याच घरी पाहुणा होतो. आलेल्या माणसाचे रक्त उंबरठ्याच्या आत सांडायचे नाही, हा त्या घराचा नेम. तो कळताच रामू बाहेर न पडण्याची निमित्ते शोधू लागतो.

या कथानकाचे मूळ बस्टर कीटन यांच्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ (१९२३) या मूकपटात आहे. आगगाडीतील भेट, यजमानाचे धर्मसंकट, अखेरीस पाण्याच्या तोंडी आलेला नायिकेचा जीव ही साम्ये उघड आहेत. तथापि साम्यांच्या यादीपेक्षा रूपांतर महत्त्वाचे ठरते. कीटनचा नायक वाड्याची स्वप्ने पाहत येतो आणि त्याला पडके खोपटे मिळते. तेथे वारसा हा भ्रम आहे. रामूचा वारसा खरी जमीन आहे, आणि तिच्या मोलावर त्याची उपजीविका अवलंबून आहे. त्यामुळे विनोदाच्या तळाशी गरज राहते. ‘सन ऑफ सरदार’ (२०१२) या हिंदी रूपांतरात कथा पंजाबात गेली आणि नायक पुन्हा बाहुबलाचा झाला. नायकाच्या दुबळेपणातून आलेला उपरोध तेथे टिकला नाही.

शीर्षकही विचारात घ्यावे लागते. मर्यादा रामन्ना हे तेलुगू लोककथांतील चतुर न्यायाधीशाचे नाव. शिवाय तेलुगूत ‘मर्यादा’ म्हणजे आदर, आतिथ्य. मराठीत हाच शब्द सीमा सुचवतो. चित्रपटात दोन्ही अर्थ उंबरठ्यावर एकत्र येतात. परंतु हा कायदा हिंसेचा निषेध करीत नाही. तो तिला केवळ जागा नेमून देतो. अंगणाबाहेर खून हे कर्तव्यच राहते.

या व्यवस्थेत अपर्णेचे स्थान विशेष सूचक आहे. मृत्यूची टांगती तलवार रामूला ठाऊक आहे, तिच्या बापभावांना ठाऊक आहे. तिलाच बराच काळ ठाऊक नाही. जिच्या प्रेमामुळे वैर मिटायचे, तीच वैराच्या व्यवहारातून वगळलेली असते. शेवटी तिचा जीव पणाला लागतो तेव्हाच पुरुषांची मने वळतात. समेट घराण्यांपुरता राहतो. त्यांच्यासाठी शस्त्र उचलणारी माणसे आणि जातीचा प्रश्न पडद्याआड जातात.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’शी (२०१६) तुलना येथे अपरिहार्य होते. आर्ची आणि परशा महाराष्ट्रातून पळून तेलुगू भाषकांच्या हैदराबादेतच आसरा घेतात. तेथे माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन पाहुणे म्हणून येतात, आर्ची चहा करते, आणि त्याच घरात दोघांचे खून होतात. रामूला वाचवणारा उंबरठा येथे उलटा होतो : पाहुणेच मारेकरी ठरतात. दोन्ही चित्रपटांतील नात्यांची बीजे निरनिराळी आहेत. राजामौलींच्या कथेतील वैर दोन घराण्यांचे आहे, त्यामुळे त्याला कुळाचाराचा बांध पुरतो. मंजुळे यांच्या कथेतील वैर जातीचे आहे. तेथे दुसरा पक्ष आदरास पात्र मानलाच गेलेला नाही, म्हणून आतिथ्याचा नेम त्याला लागू होत नाही. ‘मर्यादा रामन्ना’चा सुखान्त आतिथ्यावर विसंबतो, ते आतिथ्य कोणाला नाकारले जाते, हे ‘सैराट’ शेजारी ठेवल्यावरच स्पष्ट होते.