दुमडीतली काडी

तळहातावरचा रुपया फुंकर मारताच नाहीसा होतो. वर दणदणाटी संगीत, खाली कौतुकाचा पाऊस. मोबाईलवरच्या या प्रकाराला हल्ली ‘क्लोज-अप मॅजिक’ म्हणतात. जवळ असतो तो कॅमेरा. नाणं बोटांनी नव्हे, एडिटिंगमध्ये गायब झालेलं असतं. याला जादूचा ऱ्हास म्हणणंही त्याला फार मान देणं होईल. समोर बसून केलेल्या हातचलाखीची अट एकच: बघणाऱ्याला हवं तिकडं बघता आलं पाहिजे. रीळ नेमकी तीच मुभा काढून घेते.

त्यापेक्षा काडीपेटीतली काडी बघा. नॅपकिनच्या दुमडीत एक काडी आधीच सरकवलेली असते. समोरच्याची काडी मधोमध ठेवायची, कापड गुंडाळायचं आणि मोडायला त्यालाच सांगायचं. तो मोडतो दुमडीतली. कापड झटकलं की त्याची काडी अखंड खाली पडते. पोरांच्या पुस्तकातलं गुपित आहे, ते फोडल्याचं पाप मला लागणार नाही. युक्ती पाच मिनिटांत येते; अवघड असतं ते मोडल्यानंतर थांबणं. कच्चा गडी लगेच कापड झटकतो आणि सगळ्यांचे डोळे कापडावर जातात. पक्का गडी गप्पा मारतो. ‘मोडली बरं का’ असं त्या माणसानं स्वतः शेजाऱ्याला सांगेपर्यंत तो कापडाकडं बघतसुद्धा नाही. सोलापुरात तर हा प्रयोग दुप्पट कठीण. टॉवेल-नॅपकिनच्या धंद्यात पिढ्या गेलेल्या या गावात दुमडीचा जाडपणा चटकन बोटाला कळतो. इथं ज्याला जमलं त्याला कुठंही जमेल.

याहून थोर कला मदाऱ्याच्या वाट्यांची. पाश्चात्य जादूगाराला टेबल लागतं, प्रेक्षक समोर लागतात. आपला माणूस जमिनीवर मांडी घालून बसतो, भोवती कडं. वाटी उथळ, वर बोंडी. ती दोन बोटांत धरली की त्याच हातात चिंधीची गोळी लपते. बोलणं अखंड चालू. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशा चारही भाषा कानावर पडणाऱ्या या शहरात शब्दांनी लक्ष वळवायचं म्हणजे तयारी हवी.

जादूगार रघुवीरांनी मराठी रंगमंचावर जादूला प्रतिष्ठा दिली, हे मान्य. पण पेटीतली बाई कापण्याचे आजचे खेळ म्हणजे सुतारकाम. कंपन्यांच्या मेजवान्यांत मन ओळखणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते मला या सगळ्यांपेक्षा जवळचे. सुरीला मेथिल ऑरेंज लावायचं, लिंबू कापलं की आम्लानं ‘रक्त’ येतं. मग तेच उलगडून दाखवायचं. चेटकीण म्हणून माणसं मारली जात होती तेव्हा, 1584 साली, इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटनं हातचलाखीची गुपितं पुस्तकात छापली होती. हे काम त्याच जातकुळीचं. तक्रार एवढीच की बरेच जण उलगड्याच्या घाईत प्रयोग उरकतात. आधी नीट फसवा हो! जो फसलाच नाही त्याला उलगड्याचं काय?

आणि आता कायद्याचं बघा. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं चमत्कार दाखवून पैसे उकळणं गुन्हा ठरवलं. योग्यच झालं. पण ‘ही हातचलाखी आहे, आवडली तर पैसे द्या’ असं सरळ सांगणाऱ्या वाट्यावाल्याचं काय? 1959चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा गाणं, नाच, भविष्य सांगणं आणि खेळ करणं यांना भीक मागण्याची सोंगं मानतो. म्हणजे देवाचं नाव घेऊन फसवणारा गुन्हेगार, आणि नाव न घेता रिझवणारा भिकारी! दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 साली या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात मात्र ती व्याख्या तशीच. तरुणांनी फुटपाथवर बसून वाट्या शिकाव्यात असं म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? ते खोलीत बसून रिळाच करणार.

म्हणून मागणी दोनच. त्या व्याख्येतून खेळ करणाऱ्यांना वगळा. आणि संक्रांतीच्या गड्डा जत्रेत इथल्या होम मैदानावर, पाळण्यांच्या रांगेत, वाट्यावाल्याला बसायला चार हात जागा द्या. भाडं न घेता.