सजावट आपली, डाव परका

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरी मांडला जाणारा ‘व्यापार’ नावाचा पट बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यावर आपल्या शहरांची नावं आहेत, रुपयांच्या नोटा आहेत आणि तुरुंगही आहे. हा मोनोपॉलीचा देशी अवतार. गावं बदलली, चलन बदललं. पण जागा घ्यायची, घरं बांधायची, भाडं वसूल करायचं आणि समोरच्याचं दिवाळं निघेपर्यंत थांबायचं नाही, हा डाव जसाच्या तसा आला. मोनोपॉलीचा पूर्वज असलेल्या खेळाचं पेटंट एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंना १९०४ मध्ये मिळालं. जमिनीची मालकी एकाच्या हाती गेली की बाकीचे कसे नागवले जातात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी पटावर उपदेश लिहिला नाही. भाड्याचा नियमच असा केला की खेळणाऱ्याला ते सोसावं लागावं. पुढे नियम उरला आणि हेतू गळून पडला, ही गोष्ट वेगळी. पण खेळ ही कला असेल तर तिचं म्हणणं कुठे शोधायचं, याचं उत्तर यात आहे. ते नियमात शोधायचं. ही फूटपट्टी घेऊन गेल्या काही वर्षांतले भारतीय आणि भारताविषयीचे व्हिडिओ गेम तपासले, तर सजावटीत आपण बराच पल्ला गाठला आहे आणि डाव मात्र अजून उसनाच आहे, असं म्हणावं लागतं.

सुरुवात पुण्यापासून करू. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. ते रास्तच होतं. राजस्थानी वळणाचे झरोके आणि छत्र्या, पहाडी चित्रांचे रंग, कथाभागासाठी छायाबाहुल्या, आणि राजीची वाटचाल बघत आपसांत बोलणारे दुर्गा आणि विष्णू; चार-पाच तासांच्या या खेळात डोळ्यांना खोट काढायला जागा नाही. गोष्ट रक्षाबंधनाच्या दिवशी सुरू होते. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत राजीचा भाऊ गोलूही जातो, आणि सर्कशीत कसरती करणारी ही मुलगी त्रिशूळ घेऊन त्याच्यामागे निघते. राखीचा करार इथे उलटा झाला आहे. पण खेळणाऱ्याच्या हाताला त्याचं काय होतं? बंद चौकात शिरायचं, समोर येतील तेवढे असुर संपवायचे, दार उघडतं, पुढचा चौक. हा डाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि ‘गॉड ऑफ वॉर’पासून आपल्या बोटांना पाठ आहे. गोलूच्या जागी चोरीला गेलेला हिरा ठेवला तरी बोटांना फरक कळणार नाही. चकत्या फिरवून आठवणींची चित्रं जुळवण्याची कोडी मध्ये मध्ये येतात. भावाबहिणीचं नातं प्रत्यक्ष खेळायला मिळतं ते जवळपास तेवढंच. तरीही ‘राजी’ एका ठिकाणी खरोखर आपल्या पायांवर उभा राहतो. राजी खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवर धावत चढते आणि तिथून असुरांवर झेपावते, तेव्हा कसरतीत वाढलेलं शरीरच लढाईची रीत ठरवत असतं. पात्र आणि नियम तिथे एकजीव होतात. तो धागा धरून गेम पुढे गेला असता तर त्याचा तुटक शेवटही माफ करता आला असता.

‘राजी’तला असुर हा केवळ मारण्याचा ऐवज आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलेल्या नागपुरात बसून हा गेम पाहणाऱ्याला हे खटकणारच, कारण इथून जवळच गडचिरोलीकडे रावणाला मान देणारे गोंड समाज आहेत, आणि देव कोण, असुर कोण याचा निकाल पूर्व विदर्भात एका बाजूनं लागलेला नाही. हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओनं २०१७ मध्ये ‘असुर’ काढला, त्यात नायकच असुर आहे आणि तो आपल्या वधाचा सूड घ्यायला निघतो. शिवाय त्यात मेल्यावर कौशल्यांचं झाड नव्यानं मांडलं जातं. पुन्हा जन्म घ्यायचा तो वेगळं शरीर, वेगळी शक्ती घेऊन. पुनर्जन्माची कल्पना इथे भिंतीवर रंगवलेली नाही, ती खेळण्याच्या वाट्याला येते. दिसायला हा गेम ‘राजी’पुढे साधा आहे, विचारानं मात्र एक पाऊल पुढे.

मोठ्या बाजारातल्या गेमांबद्दल फार थांबण्याचं कारण नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलवर बंदी आली आणि पोकळी भरायला देशाभिमानाची लाट आली. २६ जानेवारी २०२१ ला आलेल्या ‘फौजी’त गलवानची झटापट होती. गलवानमध्ये गोळी चालली नव्हती, म्हणून गेममध्येही हातघाईच. आणि जखमी जवानाला शेकोटीपाशी थांबून बळ मिळवावं लागे. चौदा हजार फुटांवरची थंडी नियमात आणणारी ही शेकोटी म्हणजे चांगलं बी होतं. पण भोवती एका सरळ रेषेत येणारे शत्रू आणि तेच ते ठोसे, एवढंच असल्यानं ते रुजलं नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. सिंधू संस्कृती भविष्यात टिकली असती तर, ही कल्पना मोहक आहे, विरलोक नावाचं बेट देखणं आहे, आणि कॉस्मियम हस्तगत करूनही जिंकता येतं ही थोडी निराळी सोय आहे. बाकी उतरा, शस्त्रं उचला, आकसत्या वर्तुळात शेवटपर्यंत टिका, पबजी. सिंधू संस्कृतीच्या ज्या गोष्टीनं अभ्यासक आजही चकित होतात, त्या विटांच्या ठरावीक मापाचा, सांडपाण्याच्या गटारांचा, वजनमापांच्या शिस्तीचा या खेळात काही उपयोग नाही.

परदेशी स्टुडिओंचा अनुभव कधी कधी याच्या नेमका उलट निघतो, म्हणून तो बोधक आहे. डेन्मार्कच्या ‘हिटमॅन २’मध्ये (२०१८) मुंबईची एक लेव्हल आहे. तिथल्या तीन सावजांची नावं वझीर काळे, दाऊद रंगन आणि वान्या शहा. मराठी वाचकाला ‘वझीर काळे’ हे नाव माणसाचं कमी आणि बुद्धिबळातल्या सोंगटीचं जास्त वाटेल. पण या वझीर काळेचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही. गर्दीत मिसळून, कानावर पडेल ते ऐकून त्याला हुडकावं लागतं. नावं चुकली, नियम मात्र मुंबईचा सापडला: या शहरात लपायला गर्दीसारखी दुसरी जागा नाही. याउलट २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांकडून खेळता येतं, तेव्हा नागपूरकर वाचकाला चूक लगेच दिसते. खेळ १७०० पासून सुरू होतो आणि मराठा संघ पहिल्यापासून एकसंध: एक रंग, एक खजिना, एक हुकूम. प्रत्यक्षात संघ नंतर आकाराला आला, आणि बंगालच्या चौथाईवरून नागपूरचे रघूजी भोसले आणि पेशवा बाळाजी बाजीराव असे भांडले की १७४३ मध्ये शाहू महाराजांना मध्ये पडून मुलूख वाटून द्यावा लागला. मराठा सत्तेचं बळ आणि दुबळेपण या आपसांतल्या घासाघिशीत होतं. ती घासाघीस नियमात नसेल तर पडद्यावर कितीही भगवे झेंडे फडकले तरी तो मराठ्यांचा खेळ होत नाही.

मग जमतं कुणाला? माझ्या मते उत्तर ‘वेंबा’ हे आहे. टोरंटोच्या विसाई गेम्सनं २०२३ मध्ये काढलेला, दीड-दोन तासांत संपणारा हा गेम १९८८ साली कॅनडात आलेल्या तामिळ जोडप्याची गोष्ट सांगतो. आईकडून आलेली पाककृतींची वही फाटली आहे, अक्षरं पुसली आहेत. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, पुट्टूच्या नळीत पिठी आणि खोबरं कोणत्या क्रमानं भरायचं, हे उरलेल्या ओळींवरून आणि हाताच्या अंदाजानं ओळखायचं. चुकलं की पदार्थ बिघडतो. पुढे मुलगा कविन स्वतः स्वयंपाकाला लागतो तेव्हा अडचण वेगळी आहे: वही आहे, पण तामिळ त्याला धड वाचता येत नाही. भाषा एका पिढीत कशी निसटते हे इथे कुणी बोलून दाखवत नाही, खेळणाराच अडतो. २०२४ मध्ये या गेमला पदार्पणासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यात देव नाहीत, किल्ले नाहीत. एक ओटा आहे आणि एक वही आहे.

आपल्याकडे नियमातून बोलण्याची ही रीत नवी नाही, हे विसरल्याचं वाईट वाटतं. परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपट घ्या. साप हे दुर्गुणांचे, शिड्या सद्गुणांच्या. चढणं अवघड आणि घसरणं सोपं, हे कीर्तन न ऐकताही समजतं. विटीदांडूत, आमच्या इकडच्या गिल्लीदांडूत, वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी तेलुगू-कानडी अंकांतून आली आहे, आणि आकडा बदलला की विटी मारायची ढबही बदलते. दोन भाषांचा शेजार पोरांच्या हातापायांत उतरला तो असा. पचिशीत सहा कवड्या टाकायच्या, सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. आणि चौघांत दोन जोड्या, जोडीदारासकट जिंकलं तरच जिंकलं. १८९६ मध्ये इंग्लंडात पचिशीचा लुडो झाला तेव्हा कवड्या गेल्या, फासा आला, आणि जोडीदारही गेला. आज नवी मुंबईच्या कंपनीचा ‘लुडो किंग’ कोट्यवधी मोबाईलवर आहे. घरचा खेळ विलायतेहून परत आला, जोडीदार तिकडेच राहिला.

यावर पहिला आक्षेप असा निघेल की साचा उसना असण्यात वावगं काय? कादंबरी बाहेरून आली, कॅमेरा बाहेरून आला. हा आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा मान्यही आहे. फाळक्यांनी १९१३ मध्ये परक्या यंत्रातून ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. ‘राजी’ ही आपल्या गेमांची तीच अवस्था समजायला हरकत नाही. पण त्यानंतर २३ वर्षांनी प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला, त्यात अभंग शोभेचा नव्हता, गोष्टच अभंगातून पुढे सरकत होती. साचा उसना घ्यावा, पण तो आपल्या हातात वाकला पाहिजे. बुद्धिबळाचंही हेच झालं. इथून गेलेला, एकेक घर चालणारा मंत्री युरोपात राणी झाला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस पटभर धावू लागला. त्यांनी नाव बदललं आणि चालही बदलली. आपण ती नवी चाल घेतली, वर तिला वझीर म्हणत राहिलो. आणि तीच चाल खेळत याच नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकून आणला.

दुसरा आक्षेप पैशाचा. भारतात गेमसाठी खिशात हात घालणारे थोडे, म्हणून स्टुडिओंना खपतं तेच करावं लागतं. यातलं दुखणं खरं आहे, निष्कर्ष खरा नाही. गेममध्ये महाग असतात त्या सजावटीच्या गोष्टी: मूर्तींची नक्षी, हलते चेहरे, पाण्याचा झगमगाट. नियम कागदावर, खडूनं, चिंचोक्यांनी तपासता येतो. म्हणजे जिथे कमी पैशात वेगळेपण मिळतं तिथे आपण हात आखडतो आणि जिथे बड्या कंपन्यांशी बरोबरी अशक्य तिथे तिजोरी रिकामी करतो. तिसरं म्हणणं पालकांचं: गेम म्हणजे व्यसन किंवा जुगार, त्याची समीक्षा कसली? पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायद्यानं बंदी आणली, तेव्हा ई-स्पोर्ट्स आणि इतर गेम तिनं वेगळे काढले. कायद्यानं केलेला हा फरक आपल्या वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी अजून केलेला नाही. नाटकाच्या प्रयोगावर दोन रकाने लिहिणारी मराठी समीक्षा गेमबद्दल लिहिते ती मुलांच्या डोळ्यांची काळजी करायला.

नागपूरचा गेम निघाला तर कसा असावा? झिरो माईलचा खांब आणि फुटाळ्याचं पाणी दाखवून भागणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, आणि त्या वर्षी गावाला जाचणारी महागाई, रोगराई, भ्रष्टाचार या बडग्यांच्या माथी मारून ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळीत गावाबाहेर नेऊन जाळतात. यात तयार डाव आहे. यंदाची इडापीडा कोणती यावर मोहल्ल्यांनी भांडायचं, एकमत होईल तोच पुतळा उभा राहायचा, आणि सूर्य मावळायच्या आत तो शहराबाहेर न्यायचा. इथे शत्रू मारून दार उघडत नाही. लोकांना पटलं तर मिरवणूक सरकते. असा गेम पुण्याच्या स्टुडिओनं करावा की नागपुरातल्या एखाद्या कॉलेजातल्या चार मुलांनी, हे महत्त्वाचं नाही.

वाचकांना मात्र एक विनंती. पुढचा गेम संपवाल तेव्हा त्यातली चित्रं, संगीत आणि नावं क्षणभर बाजूला ठेवा, आणि तुम्ही तासन्‌तास नेमकं काय करत होतात ते एका वाक्यात लिहून काढा. त्या वाक्यात आपल्या मुलखाचं काही सापडलं तर तो गेम चार जणांना सांगा. नाही सापडलं तर तेही सांगा, करणाऱ्यांच्या कानावर ते जायला हवं.