काचेतलं म्हातारपण

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. 'फिश टँकमधल्या म्हाताऱ्या माशांची काळजी' हा काय नीतीचा प्रश्न झाला? म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल बोललो असतो, तर पुण्यात कुणी हसलं नसतं. माशाबद्दल मात्र हसू येतं. ते का येतं, तिथूनच सुरुवात करू.

आपली भाषाच बघा. "मासे काय हो, टिकतच नाहीत," असं आपण म्हणतो. टिकणं हे क्रियापद आपण दुधाला लावतो, चपलेला लावतो. कुत्रा जगतो, मासा टिकतो! वस्तुस्थिती वेगळी आहे. गोल्डफिश नीट पाण्यात दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला 'टिश' नावाचा गोल्डफिश 43 वर्षांचा होऊन 1999 मध्ये वारला. आपल्याकडचा मासा चार महिन्यांत जातो, कारण तो छोट्या गोल भांड्यात, स्वतःच्याच विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियात गुदमरतो. म्हणजे मासा 'टिकत' नाही, हा माशाचा स्वभाव नव्हे. ती आपली करणी आहे.

त्यावर एक सोयीची समजूतही बसवलेली आहे. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, अशी नऊची टाकी दिवाणखान्यात ठेवायची. मासा मेला, की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं म्हणायचं आणि दुसरा आणायचा. वास्तुशास्त्र खरं की खोटं, या वादात आम्ही आज पडत नाही. आमचा आक्षेप एवढाच, की या हिशेबात मरणं हेच माशाचं काम ठरतं. ज्याचं मरणं उपयोगाचं, त्याचं म्हातारपण कोण बघणार?

आता कुणी म्हणेल, माशाला कुठे काय कळतं? लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ट्राउट माशांच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. माशाला आपल्यासारखं दुःख होतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने त्या वादाची वाट पाहिली नाही. त्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो. मासाही येतो.

पण आमच्या मते खरा मुद्दा वेदनेच्याही पलीकडचा आहे. नदीतला मासा म्हातारा होणं विरळाच. तो मंदावला की खंड्या, बगळा, मोठा मासा, कुणीतरी त्याला गाठतं. पाठीला बाक आलेला, डोळ्यावर पडदा आलेला, रंग उतरून तळाशी टेकलेला मासा दिसतो तो बहुधा काचेतच. म्हणजे हे म्हातारपण आपण निर्माण केलेलं आहे. पाणी आपण दिलं, उजेड आपण ठरवला, सोबती आपण निवडले. मग शेवट तेवढा निसर्गावर कसा सोपवता येईल?

आपल्या परंपरेत याला उत्तर आहे का? दोन नमुने दिसतात. पहिला देवाच्या डोहाचा. महाडजवळ वाळण कोंड इथे काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानतात, त्यांना कुणी पकडत नाही. तिथे हात न लावणं हीच दया. दुसरा नमुना पांजरपोळीचा. भाकड, म्हातारं जनावर मरेपर्यंत सांभाळायचं. दोन्ही थोर आहेत, पण काचेच्या पेटीला दोन्ही अपुरे पडतात. टाकीत हात न लावणं म्हणजे हेळसांड. आणि उलटा तरंगणारा, आठवडाभर न खाल्लेला मासा केवळ 'आपोआप जाईल' म्हणून ठेवणं, याला सांभाळणं म्हणता येत नाही.

इथे गांधीजींची आठवण होते. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य वेदनेत होतं. गांधीजींच्या संमतीने डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं. देशभरातून संतापाची पत्रं आली, पण गांधीजींनी हे अहिंसेतच बसतं असं ठामपणे मांडलं. त्यांच्या विचारातली अट महत्त्वाची आहे. हेतू त्या जिवाची सुटका हा हवा, आपली नव्हे. हीच कसोटी आम्ही माशाला लावतो.

कारण आपल्या सुटकेचे मार्ग पुष्कळ आहेत. कुणी मासा संडासात टाकतो, कुणी फ्रीजरमध्ये ठेवतो, दोन्ही क्रूर. कुणी 'मोकळं करतो' म्हणत मुठेत सोडून येतो. पाळीव मासा तिथे तगला नाही तर हाल, आणि तगला तर नदीचे हाल. टाकीतली काच साफ करायला आणलेला सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांची डोकेदुखी झाला आहे. ही दया नव्हे, जबाबदारी दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे.

मग करायचं काय? आधी पाणी तपासा. म्हातारपण वाटतं ते अनेकदा घाणेरडं पाणी असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून, थोडं थोडं बदलत राहा. फिल्टरचा जोर कमी करा, पाण्याची उंची उतरवा, बुडणारं मऊ खाद्य द्या, चपळ मासे वेगळे ठेवा. मग तीन गोष्टी रोज बघा: खातो का, सरळ पोहतो का, आपण जवळ गेलो की दखल घेतो का. तिन्हीची उत्तरं बरेच दिवस 'नाही' अशी येत राहिली आणि उपचार संपले, तर पशुवैद्याला विचारा. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने आधी भूल आणि मग मरण देता येतं. मात्रा त्यांनीच ठरवावी.

"पन्नास रुपयांच्या माशासाठी पाचशेची फी?" हा प्रश्न येणार. येऊ द्या. पन्नास रुपये ही दुकानदाराने लावलेली किंमत आहे. आपण पिशवीतून घरी आणतो ती दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी, आणि तिच्या शेवटच्या वर्षांचा हिशेब दुकानातच करायला हवा. तो जमत नसेल, तर टाकी रिकामी राहिलेली बरी. माशाच्या दृष्टीने तरी त्यात काही अशुभ नाही.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.