लोणच्याची काकडी आणि घरातला हुशार माणूस : 'रिक अँड मॉर्टी'चा तिसरा सीझन

सडक अर्जुनीत उभं राहून अमेरिकन कार्टूनवर बोलायचं म्हणजे आधी थोडा खुलासा द्यावा लागतो. तो देतो आणि विषयाला लागतो.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं, की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव येतात, रात्रभर नाटक चालतं. आणि त्यातल्या कितीतरी नाटकांत एक दारुडा बाप असतो, सोसणारी बायको असते, हाताबाहेर चाललेली पोरं असतात. पहाटेकडे बाप पाया पडतो, मंडपातल्या बाया पदरानं डोळे पुसतात. म्हणजे मोडकं घर ही काही आपल्याला अमेरिकेनं शिकवायची गोष्ट नाही. त्यामुळं आज मी या मालिकेकडे यानं, राक्षस, लेझर वगैरे बाजूला ठेवून घरच्या नाटकासारखं पाहणार आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी. डॅन हार्मन आणि जस्टिन रॉयलँड यांनी केलेली ही मालिका 'अ‍ॅडल्ट स्विम' वाहिनीवर डिसेंबर 2013 मध्ये सुरू झाली. रिक सांचेझ हा आजा. विश्वातला सगळ्यात हुशार माणूस, आणि पक्का दारुडा. पोरगी बेथ लहान असताना तिला सोडून गेलेला, आता परत येऊन तिच्याच गॅरेजमध्ये ठाण मांडून बसलेला. बेथ घोड्यांची सर्जन. तिचा नवरा जेरी, जाहिरातीच्या धंद्यातला, नोकरी गेलेला. समर आणि मॉर्टी ही दोन पोरं. आजा नातवाला शाळेतून उचलतो आणि दुसऱ्या ग्रहांवर घेऊन जातो. पोराचं काय होतं ते नंतर पाहू, असा सगळा कारभार.

तिसरा सीझन 2017 चा, दहा भागांचा. पहिला भाग 1 एप्रिलला कसलीही जाहिरात न करता दाखवला, लोकांना वाटलं एप्रिल फूल असेल. बाकीचे जुलैअखेर ते 1 ऑक्टोबर. या पहिल्या भागात रिक तुरुंगातून सुटतो, आणि सुटता सुटता अख्ख्या आकाशगंगेचं सरकार पाडतो. कसं? त्यांच्या चलनाची किंमत एकाची शून्य करतो. बंदूक नाही, फौज नाही. नोटाबंदी पाहिलेल्या आपल्यासारख्या लोकांना हा विनोद जरा जास्तच लवकर कळतो.

पण खरा डाव शेवटी उघड होतो. जेरी बायकोला म्हणतो, तुझा बाप किंवा मी, एक निवड. बेथ बापाला निवडते. मग गॅरेजमध्ये रिक नातवाला सांगतो की हे सगळं ठरवून केलं. जावई आडवा आला होता, त्याला काढला, आता या घरात माझी सत्ता. हे सांगता सांगता तो एका जुन्या सॉसची बडबड सुरू करतो. 1998 मध्ये 'मुलान' सिनेमाच्या वेळी मॅकडोनाल्डनं काढलेला शेजवान सॉस.

आता प्रेक्षकांनी काय उचललं बघा. एक पोरगं बापाला मुकलं आणि आजाच्या तावडीत सापडलं, हे नाही. सॉस उचलला. 7 ऑक्टोबर 2017 ला कंपनीनं एका दिवसापुरता तो काही ठिकाणी परत आणला, पुड्या कमी पडल्या, आणि मोठे मोठे बाप्ये काउंटरवर ओरडत होते. त्याच वर्षी या सीझनच्या लेखिकांना इंटरनेटवर शिव्या घातल्या गेल्या, हार्मनला जाहीरपणे त्या लोकांना झापावं लागलं. या लोकांनी रिकला नायक मानला होता. हुशार आहे ना, मग त्याला सगळं माफ. आणि मालिकेचा हात यात अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सगळे चांगले संवाद रिकला, सगळी बावळट वाक्यं जेरीला. वाटपच तसं आहे.

तिसरा भाग, 'पिकल रिक'. जेसिका गाओ यांनी लिहिलेला. 2018 मध्ये त्याला एमी मिळालं. इथे भाषांतराची एक अडचण आहे. पिकल म्हणजे लोणचं म्हणावं, तर आपल्या डोळ्यांसमोर बरणीतली आंब्याची फोड येते. त्यांची ती खाऱ्या पाण्यात मुरलेली अख्खी काकडी. रिक स्वतःला तसली काकडी करून घेतो. कारण? त्या दिवशी घरच्यांनी सगळ्यांनी समुपदेशकाकडे जायचं ठरलेलं असतं. आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असं तो म्हणतो. मग बेथ त्याचं औषधाचं इंजेक्शन पर्समध्ये टाकून पोरांना घेऊन निघून जाते, आणि ही काकडी गटारात पोचते. झुरळाचा मेंदू चालवून हातपाय मिळवते, उंदरांच्या हाडामांसाचं यंत्र बांधते, बंदूकधाऱ्यांना मारते. लोकांना आठवतं ते हेच. टीशर्टवर हेच.

मला विचाराल तर हा भाग त्या मारामारीसाठी उगाच डोक्यावर घेतला गेला, आणि शेवटच्या पाच मिनिटांकडे पुरेसं कोणी पाहिलं नाही. रक्तानं माखलेली काकडी शेवटी त्या डॉक्टर वाँगच्या खुर्चीत येऊन बसते. बाई आवाज चढवत नाहीत. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की तुमची हुशारी हे तुमच्या आजाराचं समर्थन झालंय. नातं टिकवणं हे दात घासण्यासारखं रोजचं कंटाळवाणं काम आहे, त्यात पराक्रम नाही. काही जणांना ते जमतं, काहींना मरण बरं वाटतं, आणि निवड ज्याची त्यानं करायची. आपल्या मामा तलावांचंही तेच ना? पाळ दरवर्षी पाहावी लागते, गाळ काढावा लागतो, आणि त्याचा पोवाडा कोणी गात नाही.

याच्यापुढे झाडीपट्टीचं नाटक असतं तर रिक रडला असता. इथे तो गाडीत बसतो. पोरं मागून विचारतात, या बाईंकडे परत जायचं का? पुढच्या सीटवर बाप आणि लेक दारू प्यायला कुठं जायचं ते ठरवतात. पोरांना कोणी उत्तर देत नाही. एवढंच. पश्चात्तापाचा प्रवेश काढून टाकल्यावर तो प्रसंग किती जड होतो, हे आपल्या नाटकवाल्यांनी एकदा पाहावं असं मला वाटतं. रागावू नका, मी स्वतः त्या मंडपात रडलेलो माणूस आहे.

सातवा भाग मात्र सगळ्यात वरचा. 'द रिक्लँटिस मिक्सअप'. मुख्य दोघं फिरायला निघून जातात आणि कॅमेरा राहतो रिकांच्या शहरात. वेगवेगळ्या विश्वांतले हजारो रिक एकत्र राहतात. सगळ्यांची बुद्धी सारखी, चेहरा सारखा. तरी काही मालक, काही पोलीस, आणि बरेचसे कारखान्यात बिस्किटं भरणारे. गुणवत्ता असली की माणूस वर येतोच, हे वाक्य आपण गोंदियापासून मुंबईपर्यंत रोज ऐकतो. इथे गुणवत्ता एकसारखी ठेवून पाहिलं आणि उतरंड जशीच्या तशी राहिली! विज्ञानकथेनं करायचा प्रयोग तो हा. बढती हुकलेला एक मजूर रिक चिडून वरिष्ठाला मारतो, बंड करतो, सुटल्यासारखा होतो. मग त्याला बेशुद्ध करून यंत्राला जोडतात, आणि सुटकेच्या क्षणी त्याला जे वाटलं त्याची नवी चव काढून बिस्किटात घालतात. बावीस-तेवीस मिनिटांत.

आपल्याकडं विज्ञानकथा म्हटलं की नारळीकर आठवतात. 'यक्षांची देणगी'पासून मराठी वाचकाला जो वैज्ञानिक भेटला तो बहुधा सज्जन, विचारी. तो घरी जेवायला किती वाजता येतो, पोरांशी काय बोलतो, हे आपण फारसं विचारलं नाही. आणि घरगुती विनोद आपल्याकडं चिमणरावाचा; घर गोंधळलेलं, पण मोडलेलं नाही. या दोन वाटा मराठीत एकत्र आल्याचं मला दिसत नाही. नव्यानं लिहिणाऱ्या पोट्ट्यांना इथे रिकामी जागा आहे.

शेवटचा भाग मला पटत नाही. रिक अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी भांडत बसतो आणि तेवढ्यात बेथ-जेरी पुन्हा एकत्र येतात. दहा भाग ज्या फारकतीवर उभे होते ती एका विनोदात मिटवली. बेथ तर तोंडानंच म्हणते की आता पहिल्या सीझनसारखं होईल. हे लेखकांनी आपली सोय पाहिली, दुसरं काही नाही.

पण त्याच्या आधीचा, नववा भाग या सोयीला टाचणी लावतो. बेथला त्यात कळतं की लहानपणी बापानं तिला जे खेळण्याचं जग बांधून दिलं, ते लाडापोटी नव्हतं. शेजारपाजारच्या पोरांना तिच्यापासून वाचवायला होतं. मग बाप म्हणतो, तुझी हुबेहूब नक्कल करून घरी ठेवतो, तू पाहिजे तिकडं जा. तिनं काय निवडलं ते दाखवत नाहीत. शेवटच्या भागात तिला शंका येते की आपणच ती नक्कल तर नाही? आणि त्या भीतीनं ती नवऱ्याकडं जाते, कारण लग्नाआधीची बेथ ओळखणारा तोच एक. जेरीला तिसऱ्या सीझनमध्ये मिळालेली एवढीच एक किंमत, आणि ती रिकच्या सगळ्या यंत्रांना देता येत नाही.

पुढे 2020 मध्ये, चौथ्या सीझनच्या शेवटी, उलगडा होतो की खरी बेथ कोणती हे रिकलाही माहीत नाही. त्यानं मुद्दाम अदलाबदल केली, स्वतःलाच कळू नये म्हणून. पोरगी पोटची की नक्कल, हे ठरवायची जबाबदारी नको, म्हणून एवढा खटाटोप.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या. सातव्या भागावर कोणी विचारलं तर बरं वाटेल, आणि काकडीवर विचारलं तरी उत्तर देईन.