चूक कोण दाखवतं? बालवाडीच्या वयातले ‘शैक्षणिक’ गेम

मागच्या व्याख्यानात मी न्यायदर्शनातल्या प्रमाणविचारावर बोललो होतो. ते संपल्यावर एक ताई थांबल्या. मला वाटलं, अनुमानाबद्दल काही शंका असेल. त्यांनी मोबाईल पुढं केला. म्हणाल्या, “सर, मुलगा चार वर्षांचा आहे. मी शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला जाते, सहाला घरी येते. स्वयंपाक होईस्तोवर तो मोबाईल मागतोच. नाही म्हणणं जमत नाही, खोटं कशाला बोलू? यातला कुठला शैक्षणिक गेम चांगला, तेवढं सांगा की.”

मी म्हणालो, बघून सांगतो. आणि खरंच बघितलं. हे उत्तर त्या ताईंना आहे. पण बघता बघता लक्षात आलं की मागच्या व्याख्यानाचा विषय आणि हा विषय फार लांबचे नाहीत.

आधी एक हिशेब सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०२१ मध्ये मर्यादा सांगितल्या आहेत. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर बरंच. टीव्ही, मोबाईल, सगळं त्या तासातच आलं. म्हणजे आपण फार तर एका तासाबद्दल बोलतो आहोत. तो तास कुणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न आहे.

आता मी काय बघितलं ते सांगतो. माझी नात साडेचार वर्षांची आहे. तिच्या मोबाईलवर मुळाक्षरांचा एक गेम होता. नाव सांगत नाही, कारण असे ढिगानं आहेत आणि एकाला झाकावा, दुसऱ्याला काढावा, इतके सारखे. वर ‘अ’ हे अक्षर येतं. खाली तीन चित्रं: अननस, बदक, छत्री. बरोबर चित्राला बोट लावलं की फुगे उडतात, चांदण्या पडतात आणि एक बाई ओरडते, “अरे वा! शाब्बास!” चुकलं की चित्र थरथरतं आणि ‘ट्वँग’ असा आवाज येतो.

दोन दुपारी मी तिच्या शेजारी नुसता बसलो. पहिल्या दुपारी तिनं शोध लावला की तिन्ही चित्रांवर भराभर बोटं मारली तरी चांदण्या मिळतातच. दुसऱ्या दुपारी तिनं आणखी मोठा शोध लावला. ‘ट्वँग’ हा आवाज ‘शाब्बास’पेक्षा जास्त मजेदार आहे! मग ती मुद्दाम चुकायला लागली आणि खो खो हसायला लागली. (हशा) हसा, मीही हसलो. शेवटी गेमनं सांगितलं की तिला पैकीच्या पैकी चांदण्या मिळाल्या. मी पाटीवर खडूनं ‘अ’ काढला आणि विचारलं, “हे काय गं?” ती म्हणाली, “अननस.”

पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. गेमनं जे शिकवलं तेच ती बोलली. अक्षर म्हणजे आवाजाची खूण, ही गोष्ट त्या गेममध्ये कुठंच नव्हती. होती ती फक्त चित्राशी लावलेली गाठ.

मग मला मारिया माँटेसरींचा एक ठोकळा आठवला. लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात दहा खाचा आणि दहा दट्टे. प्रत्येक दट्ट्या आपल्याच खाचेत बरोबर बसतो. मुलानं बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत टाकला, तर त्या क्षणी कुणी काही बोलत नाही. मात्र शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो उरलेल्या खाचेत जात नाही. मूल थांबतं, बघतं, सगळे काढून पुन्हा लावतं. चूक ठोकळ्यानंच दाखवली. बाईंनी रागवायची गरज नाही, टाळ्या वाजवायचीही नाही.

हा विचार आपल्याकडे फार आधी रुजला. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढं १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथं अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि नंतर दोघींनी कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम उभं केलं. माँटेसरींची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे घेतले. साधन बदललं, तत्त्व सोडलं नाही. चिंचोके दोन-दोन लावताना एक उरला, तर तो उरलेला चिंचोकाच मुलाशी बोलतो. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन-आनंद विद्यालय काढलं. शाळेच्या नावातच ‘आनंद’ आहे. करून बघण्यातला, स्वतःला समजल्याचा आनंद आणि फुगे उडाल्याची गंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता प्रमाणविचाराकडे येतो. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दट्ट्या खाचेत बसत नाही हे मूल बघतं, ते प्रत्यक्ष. मग आधी कुठंतरी गडबड झाली असणार असं त्याच्या मनात येतं, ते अनुमान. आणि गेम जेव्हा ‘शाब्बास’ म्हणतो, तेव्हा मुलाकडं उरतो तो निव्वळ शब्द. शब्द हे प्रमाण आहेच, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो जशी आहे तशी सांगतो, तो आप्त. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक म्हणतो, तेही इथं लागू पडतं. आजी ‘शाब्बास’ म्हणते तेव्हा तिनं पोराची धडपड बघितलेली असते. गेमनं काय बघितलं? काचेवर कुठं बोट टेकलं, एवढंच. न बघता दिलेली शाबासकी मुलाला रोज पन्नास वेळा मिळते. चौथ्या वर्षी त्याची अशी समजूत होत असेल की ‘बरोबर’ म्हणजे ज्यानंतर टाळ्या वाजतात ते, तर ही माझ्या दृष्टीनं डोळे बिघडण्याइतकीच काळजीची गोष्ट आहे. पुढं हाच मुलगा परीक्षेत ‘सर, उत्तर हेच हवंय ना?’ असं विचारतो. मी चाळीसेक वर्षं हे वर्गात ऐकलं आहे.

हे एकट्या म्हाताऱ्या प्राध्यापकाचं मत नाही. २०१५ मध्ये कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या चार कसोट्या मांडल्या: मूल डोक्यानं कामाला लागलं आहे का, त्याचं लक्ष टिकतं का, त्याच्या जगण्याशी संबंध आहे का, आणि दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण होते का. पुढं २०२१ मध्ये याच कसोट्यांवर लहान मुलांची १२४ शैक्षणिक ॲप्स तपासली गेली. निम्म्याहून जास्त खालच्या पायरीवर निघाली. ‘शैक्षणिक’ ही पाटी दुकानदार स्वतःच लावतो, एवढा बोध त्यातून घ्या.

मग सगळेच गेम टाकाऊ का? नाही. मी एक तराजूचा गेम बघितला. एका पारड्यात कलिंगड, दुसऱ्यात मूल लिंबं टाकत जातं. पारडं हळूहळू वर येतं, जास्त झाली की दुसरीकडं कलतं. कुणी ओरडत नाही. लक्ष्मीपुरीच्या बाजारात तागडीकडं टक लावून बघणारं पोर आणि हा गेम खेळणारं पोर, दोघांचे डोळे सारखेच दिसतात. ठोकळ्यांचा मनोरा रचायचा आणि तोल गेला की तो पडतो, असेही गेम आहेत. तिथं चूक दिसते आणि ती का झाली, हेही दिसतं. ‘खान अकॅडमी किड्स’ हे २०१८ पासूनचं ॲप मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत. ही मोठी गोष्ट आहे, पण ते प्रामुख्यानं इंग्रजीत आहे. मराठी मुलाच्या वाट्याला पुष्कळदा येतं ते दुसऱ्या भाषेतल्या गेमवर मराठी आवाज चिकटवलेलं. त्यात ‘बाळ’चं ‘बाल’ होतं, आणि ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एकच होऊन बसतो. ज्या वयात कान तयार होतो, त्या वयात हे चालवून घेऊ नका.

आता ताई, तुमच्यासाठी. गेम मुलाला देण्याआधी स्वतः दहा मिनिटं खेळा आणि मुद्दाम चुका. चुकल्यावर काय चुकलं हे दिसतं का, की नुसता आवाज येतो? मग न बघता सगळीकडं बोटं मारा. तरीही चांदण्या मिळाल्या तर तो गेम काढून टाका. नंतर आवाज बंद करा. टाळ्या गेल्यावर करण्यासारखं काही उरतं का? जाहिरात मध्ये येते का, आणि खेळ कुठंतरी संपतो का, की पुढचा आपोआप सुरू होतो, हेही बघा. शेवटची परीक्षा पाटीची. गेममध्ये जे जमलं ते खडूनं, चिंचोक्यांनी, डब्यांच्या झाकणांनी जमतं का? जमलं तर गेमनं काहीतरी दिलं. ‘अननस’ असं उत्तर आलं तर नाही दिलं.

आणि एक. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं, गोष्टींची पुस्तकं आहेत. हातात धरायच्या वस्तू. तुमच्या स्वयंपाकघरातही तसा पिटारा आहे. सहा ते सात तुम्ही कणीक मळता, तेव्हा त्यालाही एक गोळा द्या. त्याची पोळी वाकडी होईल, फाटेल. ती का फाटली, हे त्याला तव्यावर दिसेल. तुम्ही तिथंच उभ्या असाल, तेव्हा ‘शाब्बास’ म्हणायचं की नाही, हेही तुम्हाला बघून ठरवता येईल.

ज्या दिवशी तेवढंही त्राण नसेल, त्या दिवशी तराजूचा गेम द्या आणि मनाला लावून घेऊ नका.